छोट्या गाडीची पुंगळी

डोंगरातल्या एका गावात एक माणूस होता. त्याच्याकडे एक छोटी गाडी होती. बिचारी चढाला कुरकुरायची, पण चढायची. मालकाला मात्र तिच्या बारीक आवाजाची लाज वाटायची. "ही गाडी आहे की शिलाई मशीन!" असं म्हणून तो चिडायचा.

एक दिवस तो मिस्त्रीकडे गेला. म्हणाला, "सायलेन्सर काढा आणि त्याजागी मोकळ्या नळीची पुंगळी बसवा. गाडी वाघासारखी गरजली पाहिजे."

मिस्त्रीने कपाळाला हात लावला. "अरे बाबा, इंजिन आहे तेवढंच राहणार. आवाज वाढेल, पण चढाला ओढ कमी पडेल. बडा घर पोकळ वासा!"

"तुम्ही बसवा हो!"

बसवली. गाडी अशी गरजली, की गावातल्या कोंबड्या पळत सुटल्या. मालक खूश!

आता गावाकडे चढणाऱ्या घाटात एक आंधळं वळण होतं. रस्ता एकाच गाडीपुरता, आणि कडेला खोल दरी. म्हणून तिथे एक रीत होती. खालून येणाऱ्याने वळणाआधी थांबायचं, दोनदा हॉर्न द्यायचा आणि काच खाली करून कान द्यायचा. वरून हॉर्न आला, तर पुढे जायचं नाही.

त्याच आठवड्यात मालक धाकट्या बहिणीला बाळंतपणासाठी घाटाखालच्या सासरहून वर माहेरी घेऊन निघाला. तिचे दिवस भरत आले होते. वळण जवळ आलं तशी ती मागच्या सीटवरून म्हणाली, "दादा, थांब ना. हॉर्न दे."

"अगं, मला कशाला हॉर्न? माझी गाडी दोन डोंगरांपलीकडे ऐकू येते!"

आणि त्याने गाडी तशीच वळणात घातली. समोर दगडांनी भरलेला ट्रक!

डोंगराच्या अंगाला वर थोडी मोकळी जागा होती. तिकडे चढायला मालकाने ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. पुंगळी घाट हादरवत होती, पण गाडी जागची हलेना. मग इंजिन बंद पडलं आणि गाडी मागे घसरू लागली. ब्रेक लागेपर्यंत मागचं एक चाक दरीवर लोंबकळलं. त्याच बाजूला बहीण बसली होती. देवा रे! मालकाला श्वास घ्यायचीही भीती वाटली.

ट्रक कसाबसा थांबला. ड्रायव्हर धावत आला, त्याने दोर बांधून गाडी ओढून धरली आणि बहिणीला हळूच बाहेर काढलं.

"चार वेळा हॉर्न दिला," तो ओरडला. "बहिरा आहेस का रे?"

बहीण दगडावर बसली होती, दोन्ही हात पोटावर घट्ट धरून.

"त्यांचा हॉर्न राहू दे, दादा," ती कापऱ्या आवाजात म्हणाली. "तू गाडी वळणात घातल्यावर मी तुझ्या पाठीमागे बसून आणखी तीनदा 'थांब' म्हणून ओरडले. तुला माझाही आवाज ऐकू आला नाही."

तात्पर्य: नुसत्या गर्जनेने बळ वाढत नाही, उलट जो स्वतःच्याच आवाजात रमतो, त्याला आपल्या माणसाची हाकही ऐकू येत नाही.