रिक्षावरची घोसाळी

अपघातात चूक मोटारसायकलवाल्याची होती, पण जप्त झाली आमची रिक्षा. आमचं पोट तिच्यावर, आणि आठ महिन्यांच्या ओवीला दर गुरुवारी तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं तेही तिच्यातूनच. गाडी परत मिळावी म्हणून आम्ही कोर्टात अर्ज केला. तारखेच्या आदल्या दिवशी ती बघायला पोलीस ठाण्याच्या मागे गेले. रिक्षा दिसतच नव्हती, नुसता हिरवा वेल. हवालदारांनी त्याची चार घोसाळी तोडून मला दिली. "घ्या वहिनी, तुमच्याच गाडीवरची आहेत."

दुसऱ्या दिवशी फौजदार छाती काढून कोर्टात म्हणाले, "साहेब, रिक्षा हा पुरावा आहे. जप्त केली तशीच ठेवलीय. यांना दिली तर फेरफार करतील."

न्यायाधीशांनी मला माझं म्हणणं विचारलं. मी पिशवीतली घोसाळी टेबलावर ठेवली. "साहेब, ही माझ्या रिक्षावर आलीत. पंचनाम्यात नव्हती."

"वेल आपोआप चढला," फौजदार म्हणाले.

"चढला असेल. पण सुतळीनं तो माझ्या आरशाला कुणी बांधला? आम्हाला तर गाडीला हात लावायची बंदी होती."

हे मीच बोलले, याचा मलाच धक्का बसला.

"फोटो काढा आणि आजच गाडी यांना द्या," न्यायाधीश म्हणाले.

संध्याकाळी सुतळ्या सोडताना हवालदार हळहळले. "आठ दिवस थांबला असता वहिनी, आता परत नवी फुलं धरलीत."

मी ओवीला घेऊन मागे बसले आणि ह्यांना म्हटलं, "आधी इथून निघा."