माझी पिवळी मला भेटेना

"अजून नाही!"

"का नाही?"

"अजून नाही म्हणजे अजून नाही!"

"तू दुष्ट आहेस, पाणीबाई!"

"दुष्ट तर दुष्ट. जा!"

दोघी भांडत होत्या. एक नव्या टाकीतली पाणीबाई. दुसरी इवलीशी पाणगोगलगाय. तिचं नाव टिकली. कपाळावरच्या टिकलीएवढीच होती. भांडण मात्र हंडाभर!

का भांडत होती ती?

टिकलीची मैत्रीण होती पिवळी मासोळी. दोघी एका बरणीत राहायच्या. बरणी एवढीशी. पिवळी वळली की शेपटी काचेला लागायची. टक्!

मग यमूआत्याने मोठ्ठी काचेची टाकी आणली. नळाचं पाणी भरलं. भळ भळ भळ! कोपऱ्यात कोरा स्पंज लावला. वर हवेचा पंप टांगला. बरणीतला काळा गोटा उचलला. घासायचा राहिला, तसाच टाकीत सोडला. डुबुक!

गोट्याखाली कोण होतं? टिकली! आत्याला दिसलीच नाही.

आत्या म्हणाली, "पाणी मुरू दे लोणच्यासारखं. मग पिवळीला सोडू." आणि जाता जाता पंपाचं बटण बंद केलं. खट्! खोलीतून निघालं की बटण बंद, असा तिच्या घरचा नियम.

टिकली इकडे. पिवळी तिकडे. मध्ये दोन काचा.

पिवळी काचेला तोंड लावायची. प, प, प. टिकलीला काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही.

म्हणून टिकली म्हणाली, "पाणीबाई, पिवळीला घे ना!"

पाणीबाई म्हणाली, "अजून नाही. मी कच्ची आहे."

"पण तू तर स्वच्छ दिसतेस!"

"दिसण्याचं काय घेऊन बसलीस? पिवळी शी करणार. शीचं विष होणार. तिचे कल्ले जळतील गं! आधी स्पंजदादा गाळू दे."

टिकली निघाली. सुळुक सुळुक.

"काय गं टिकले, तोंड का एवढंसं?" स्पंजदादा म्हणाला.

"पाणीबाई घेईना,
माझी पिवळी मला भेटेना!
स्पंजदादा, तू गाळ ना!"

"मी नाही गाळत. माझी भोकं रिकामी. विष खाणारे चिमुकले जिवाणू त्यात राहायला येऊ देत."

जिवाणू कुठे राहतात? काळ्या गोट्यावर. बुळबुळीत थरात. इतके बारीक, इतके बारीक, की डोळ्यांना दिसतच नाहीत!

टिकली निघाली. सुळुक सुळुक.

"काय गं टिकले, तोंड का एवढंसं?" जिवाणू एका सुरात म्हणाले.

"स्पंजदादा गाळेना,
पाणीबाई घेईना,
माझी पिवळी मला भेटेना!
जिवाणूंनो, तुम्ही हला ना!"

"आम्ही नाही हलत. आमचा जीव गुदमरतो. पंपमामा वारा फुंकू दे."

टिकली निघाली. सुळुक सुळुक. पंपमामा काचेवर वर टांगलेला. चढ लांब! टिकली एकदा घसरली. पुन्हा चढली.

"काय गं टिकले, तोंड का एवढंसं?" पंपमामा म्हणाला.

"जिवाणू हलेनात,
स्पंजदादा गाळेना,
पाणीबाई घेईना,
माझी पिवळी मला भेटेना!
पंपमामा, तू फुंक ना!"

"मी नाही फुंकत. माझं बटण बंद. यमूआत्या लावू दे."

तेवढ्यात आत्याच आली. हातात फडकं. मान हलवून स्वतःशीच म्हणाली, "मी नाही बाई बटण लावत. रिकाम्या टाकीला वारा कशाला? आत राहतंय कोण?"

टिकलीने बरणीकडे पाहिलं. पिवळी वळली. टक्! टिकलीला हुंदका आला.

"यमूआत्या बटण लावेना,
पंपमामा फुंकेना,
जिवाणू हलेनात,
स्पंजदादा गाळेना,
पाणीबाई घेईना,
माझी पिवळी मला भेटेना!"

आत्याला काय ऐकू येणार! तिला काचेवर एक ठिपका दिसला.

"शी! डाग!"

आत्याने पुसलं. खस खस. डाग जाईना. आणखी पुसलं. खसाखस! डाग जाईना. कसा जाईल? तो आतून होता!

टिकली घाबरली. शंखात लपावंसं वाटलं. पण ती लपली नाही. तिने दोन शिंगं बाहेर काढली. एक हे. एक ते.

"अगंबाई!" आत्या ओरडली. "डागाला शिंगं! इथे तर कुणीतरी राहतंय! आणि मी मेली बटण बंद करून बसले!"

आत्याने बटण लावलं. खट्!

पंपमामा फुंकू लागला. गुर्र गुर्र. बुड बुड बुड!

आत्याने चिमूटभर खाऊ टाकला. टिकलीने थोडा खाल्ला. थोडा उरला. उरला तो सडला. त्याचं झालं विष.

जिवाणूंना वारा मिळाला. खाऊ मिळाला. ते हलले. स्पंजदादाच्या भोकाभोकांत जाऊन बसले.

स्पंजदादा गाळू लागला. सूं सूं.

"आता?" टिकली म्हणाली.

"अजून नाही," पाणीबाई म्हणाली.

आत्या रोज नळीत थोडं पाणी घ्यायची. औषधाचे थेंब टाकायची. नळी हलवायची. रंग हिरवा. म्हणजे विष आहे. दुसऱ्या दिवशी? हिरवा. तिसऱ्या दिवशी? हिरवाच. बटण मात्र आता कुणी बंद करत नव्हतं.

टिकली रोज काचेशी बसायची. तिकडून प, प, प. इकडून दोन शिंगं.

"आता?"

"अजून नाही."

आणि एक दिवस आत्याने नळी हलवली. हिरवा? नाही! पिवळा! पिवळीसारखा पिवळा!

आत्याने वाटीत पिवळीला घेतलं. वाटी टाकीत तिरकी केली. सुळ्ळकन पिवळी आत!

पिवळी वळली. शेपटी कशालाच लागली नाही. पुन्हा वळली. मग तिने टिकलीच्या शंखाला तोंड लावलं. प, प, प. आणि टिकलीला ऐकू आलं!

खूप वेळाने टिकली म्हणाली, "पाणीबाई, पिवळीला घ्यायचंच होतं, तर मला रोज 'नाही' का म्हणत होतीस?"

पाणीबाई हलकेच हलली. म्हणाली, "अगं वेडाबाई, मी 'नाही' म्हणतच नव्हते, 'अजून नाही' म्हणत होते."