दुरुस्ती न लागणारं घर

खूप जुनी गोष्ट. त्या वेळी राज्यावर कोण राजा होता, हेही आता कुणाला सांगता येणार नाही. डोंगराच्या पायथ्याशी एका गावात येसू नावाची सून नांदत होती. तिच्या सासऱ्यांचं घर मातीचं, कौलारू आणि गावातलं सर्वांत जुनं.

जुनं घर रोज काही ना काही मागतं. उंदीर भिंत पोखरायचे, येसू बिळांत खापऱ्या ठोकून वर माती थापायची. खांबाच्या बुडाशी वाळवी लागली की ती खरवडून करंजाचं तेल चोपडायची. कौल सरकलं तर माळ्यावर चढून आतूनच नीट बसवायची. घरचे पुरुष शेतावर गेले की हे सगळं चालायचं. संध्याकाळी ते परतत तेव्हा घर आपलं धडधाकट दिसायचं.

सासरे पारावर बसून सांगत, "आमच्या वडिलांनी बांधलेलं घर. आजवर त्याला दुरुस्ती म्हणून लागली नाही!"

हे येसूच्या कानावर यायचं. हातांच्या भेगांत बसलेली माती धुताना तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका वर्षी गावाने ठरवलं, सगळ्यांचं बियाणं एकाच भक्कम घरात ठेवायचं. सासऱ्यांनी छाती पुढे काढली. "आमच्या घराइतकं पक्कं घर दाखवा!" लगोलग पोती आली आणि मागच्या भिंतीला लागून रचली गेली.

येसूने त्या भिंतीला हात लावून पाहिलं. त्या भिंतीच्या पायात ओल शिरली होती आणि मधोमध ती पोट आल्यासारखी बाहेर फुगली होती. नुसत्या लिंपणाने आता भागणार नव्हतं.

"मामंजी," ती म्हणाली, "ही भिंत उतरवून नव्याने घालायला हवी. माणसं बोलवा. माझ्या एकटीच्याने होणार नाही."

"आणि गावासमोर भिंत पाडू? लोक तोंडावर हसतील."

"मग निदान पोती तरी हलवा."

"म्हणजे बोभाटा झालाच की!"

"इतकी वर्षं हे घर मी उभं ठेवलंय, म्हणून सांगते..."

सासरे मोठ्याने हसले. "शेणाचा हात फिरवला म्हणजे घर उभं राहत नाही, सूनबाई."

येसूने नवऱ्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला. ती जमीनही तिनेच सकाळी सारवलेली होती.

येसू तडक पाटलांकडे गेली. पाटलांनी सगळं ऐकलं आणि ते म्हणाले, "घरातली कुरबूर घरातच मिटवावी, पोरी."

ती परतली आणि एक जाड ओंडका ओढत आणून तिने भिंतीला टेकू दिला. सकाळी पाहते तर ओंडका अंगणात पडलेला. पाहुणे येणार होते, म्हणून सासऱ्यांनी तो काढून टाकला होता.

पेरणी तोंडावर आली आणि वळवाचा पाऊस कोसळला. भरदुपारी मागची भिंत धपकन बसली. पोती फुटली, गावाचं बियाणं चिखलात गेलं. पाटलांसकट सगळा गाव धावत आला. कुणी ओंजळीने दाणे वेचू लागलं, कुणी कपाळाला हात लावून बसलं.

"पाऊसच असा पडला," सासरे म्हणाले. "दैवापुढे कुणाचं चालतं?"

"दैवाला मध्ये आणू नका, मामंजी!" येसू कडाडली. "भिंत मी दाखवली होती. माणसं मागितली, तुम्ही दिली नाहीत. टेकू दिला, तोही तुम्ही काढलात. आणि पाटील, तुम्ही! मी भिंतीचं सांगायला आले होते, तुम्हाला सुनेची कटकट ऐकू आली. आता काय पेरायचं गावाने? तुमचा मान?"

मग नवरा पुढे आला. "ती खरं बोलतेय," तो म्हणाला. "मला ठाऊक होतं, आणि मी गप्प बसलो."

सासऱ्यांच्या कणगीतलं वर्षाचं धान्य पेरणीसाठी गावात वाटलं गेलं. त्या घराने वर्षभर कंदमुळांवर आणि रानभाजीवर दिवस काढले. भिंत पुन्हा उभी राहिली ती भर दिवसा, सगळ्यांच्या देखत. नवरा चिखल तुडवत होता, सासरे पाट्या वाहत होते आणि कुठे किती माती घालायची ते येसू सांगत होती.

पुढच्या वर्षी बियाणं ठेवायची वेळ आली तेव्हा पाटील पारावर गेलेच नाहीत. ते घरोघरच्या मागच्या दारी गेले आणि हात जोडून विचारू लागले, "बाई, भिंत कशी आहे?"

तात्पर्य: घर ज्याच्या नावावर आहे त्याच्या बढाईने ते टिकत नाही, जे हात ते रोज सावरतात, त्यांचं ऐकलं तरच टिकतं.