अॅपनं ओळखलेला डबा

आमच्या शेजारच्या सोजरबाई विद्यापीठात कचरा निवडतात. प्रयोगशाळेच्या फुटक्या काचेनं त्यांची दोन बोटं गेली, तेव्हा महिनाभर मीच भाकरी पोचवली. तेवढ्यात कुलगुरूंनी फोटोवरून कचरा ओळखणारं अॅप आणलं आणि निवडणाऱ्या बायकांना काढायचं ठरवलं. अॅपच्या उद्घाटन समारंभाला मी मुद्दाम गेले.

कुलगुरूंनी डब्याचा फोटो काढला. "बघा, शंभर टक्के ओला कचरा! आता तुमचं काय काम, बाई?"

"असेल की ओला, साहेब," सोजरबाई म्हणाल्या. " कोपरापर्यंत हात घालून तळाचंही दाखवा. मग आम्ही गुमान घरी जातो."

साहेबांनी बाही सारली. समोर सोजरबाईंचा तीन बोटांचा हात होता. केळीच्या सालींपाशीच साहेब थांबले.

बायका कामावर राहिल्या, हातमोजेही आले. सोजरबाईंच्या मोज्याची दोन बोटं रिकामीच लोंबतात.