गंध लावताना मिटलेले डोळे

"बाबांनी म्हणे गुरू केलाय. तीही एक बाई. तिच्यापुढं बसून लहान पोरासारखं रडतात, आणि ती त्यांच्या कानात—"

मुकुंदबुवा मठाच्या स्वयंपाकघरात शिरले तशी गोदाकाकूंनी मान खाली घालून मेथी निवडायला घेतली.

"कानात काय?" बुवांनी विचारलं.

"काही नाही हो. मेथीत माती फार निघतेय म्हणत होते."



मुकुंदबुवा म्हणजे रंगोबाबांचे पहिले शिष्य. रोज सकाळी बाबांच्या कपाळी गंध लावायचा मान त्यांचा, दुसऱ्या कुणाचा नाही. बुवांचं बोट टेकलं रे टेकलं की बाबा डोळे घट्ट मिटायचे, श्वास धरायचे, मांडीवरची बोटं आवळून घ्यायचे. "समाधी लागली," असं बुवा मागच्या मंडळींना हळूच सांगत. हळू म्हणजे शेवटच्या रांगेला ऐकू जाईल इतपत. पुढं पुढं काही बायका बुवांच्याच बोटाला हात लावून नमस्कार करू लागल्या, आणि बुवांनीही कधी बोट मागं घेतलं नाही.

आणि आता हे. बाबांची दाढ किडलेली, गाल सुजलेला, पेजेवाचून काही गिळवत नव्हतं. विष अंगात भिनेल, लवकर काढा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी बाबा त्यांना जवळ फिरकू देत नव्हते. अन् दर गुरुवारी मात्र एकटेच एसटीत बसून तालुक्याला जात होते. बुवांना बरोबर न घेता.

संध्याकाळी ओट्यावर बुवांनी विषय काढलाच.

"बाबा, आमच्या सेवेत काय कमी पडलं?"

"का रे?"

"तुम्ही दुसरीकडं गुरू केलात म्हणतात."

बाबांनी गाल चाचपला. "कोण म्हणतं?"

"सगळं गाव."

"मग थोडं खरं असेल."

बुवांना वाटलं होतं, बाबा हसून उडवून लावतील. ते हसले नाहीत.

"मंत्र काय दिला त्यांनी?"

"मंत्र नाही दिला."

"मग कानात काय सांगतात?"

"कानात कशाला? पोतनीसबाई मनाच्या डॉक्टर आहेत. समोर बसतात, चांगल्या लांब. पहिल्या दिवशी विचारलं, खुर्ची जवळ घेऊ का. मी नको म्हणालो…"

"मग?"

"मग नाही घेतली."

बाबांनी ओट्यासमोरच्या ओढ्याकडं नजर वळवली.

"लहानपणी माझी दाढ काढली होती. काकांनी पाय धरले, कुणी हात. एकानं कपाळावर तळवा दाबून डोकं मागं केलं. मी थांबा, थांबा म्हणत होतो. सगळी मायेचीच माणसं…"

बाबांनी पुन्हा गाल चाचपला.

"बाई म्हणतात, ते सरलंय हे तुम्हाला कळतं, तुमच्या अंगाला कळलेलं नाही. त्याला सावकाश सांगू. आधी दातांच्या दवाखान्याच्या पायरीवर नुसतं बसवलं. मग आत, खुर्चीत, तोंड मिटून. मग त्या दिवसाची आठवण काढायची, आणि पाय जमिनीला टेकलेत का ते बघायचं."

"एवढंच ना?" बुवांचा आवाज चढला. "एवढ्यासाठी परकी बाई? आम्ही मेलो होतो का? मला सांगितलं असतंत तर मी स्वतः तुमचं डोकं मांडीवर घेऊन, असं कपाळ धरून—"

बुवांचा पुढं केलेला हात हवेतच राहिला.

बाबांनी डोळे घट्ट मिटले होते. मांडीवरची बोटं आवळलेली.

बुवांनी हे रोज सकाळी पाहिलं होतं.

"बाबा… ती समाधी…"

"तू मंडळींना सांगायचास. मला ऐकू यायचं."

"मग मला बोलला का नाहीत?"

"तुला केवढा आनंद व्हायचा रे."

बुवांचे डोळे भरले. पण मत्सर असा चटकन कुठं जातो? ते पुटपुटलेच, "त्या बाईंना बरं सांगितलंत."

"त्यांनी विचारलं."

दाढ काढायच्या दिवशी बुवा बरोबर गेले. पोतनीसबाई दातांच्या दवाखान्याच्या दारात भेटल्या. वयानं बुवांच्या मुलीएवढ्या. "तुम्हाला आत यायचंय? थांबा हं, बाबांना विचारते," म्हणाल्या. स्वतःच्या गुरूपाशी जायला परवानगी. बुवांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण बाबांनी ये म्हटलं, तसे ते दाराशी उभे राहिले.

बाबांनी डावा हात वर केला की डॉक्टर थांबत. हात खाली आला की पुढं. असं कितीदा तरी झालं. बाई बाजूला बसून होत्या, हात स्वतःच्या मांडीवर. धावत जाऊन बाबांचा हात धरावा, असं बुवांना सारखं वाटत होतं. कुणी बोलावलं नाही… ते गेले नाहीत.

दाढ निघाली तेव्हा बाबांचे डोळे उघडे होते.

सूज उतरल्यावर बाबा सकाळच्या पूजेला बसले. मंडळी जमली होती. बुवांनी चंदन उगाळलं, बोट बुडवलं, आणि हातभर अंतरावर थांबले. आजवर कधी न विचारलेलं आज विचारायचं होतं, तेही सगळ्यांदेखत.

"बाबा, लावू का?"

बाबांनी त्या बोटाकडं पाहिलं. सावकाश पाहिलं.

"नको."

मागं कुजबुज सुरू झाली. गोदाकाकूंनी शेजारणीला कोपर मारलं. बुवांचा चेहरा उतरला. बोट तसंच हवेत, गंध वाळत चाललेलं.

"मग बाबा… माझा मान गेला म्हणायचा?"

बाबांचे डोळे उघडेच होते. मांडीवरची बोटं सैल.

"उद्या परत विचार."