भिंतीला टेकलेला हात

बस्त्यावशेटची नवी आवारभिंत अगदी ओळंब्यात, सरळ होती, फक्त जागा दुसऱ्याची होती. शेजारच्या विधवा कतरीनबाईचं हातभर अंगण भिंतीनं गिळलं होतं. बाई दाद मागायला गेली, तर पंच शेटच्याच ओटीवर चहा पीत बसलेले.

मे महिन्यात आळीच्या रोझरीची, जपमाळेच्या प्रार्थनेची, पाळी शेटच्या अंगणात आली. फादरांनी बायबलमधली आमोस संदेष्ट्याची वाणी वाचली: देवाच्या न्यायातून सुटका नाही, सिंहाला चुकवून माणूस घरी पोचला, भिंतीला हात टेकला, तर साप डसला.

नव्या भिंतीला हात टेकून शेट हसला. "फादर, पक्क्या भिंतीत साप शिरेलच कसा?"

कतरीनबाई शांतपणे म्हणाली, "साप कुठं शिरला, शेट? तो आपल्या जागेवरच होता. भिंत त्याच्या जागेत शिरली."

शेटनं हात हळूच काढून घेतला.