रंगाने जाड झालेली साखळी

समुद्र जेथे खाडीच्या कुशीत शिरतो, अशा एका गावात फार पूर्वी दोन जावा राहत होत्या. दोघींची एकेक होडी होती आणि त्या होडीवरच त्यांच्या घरची चूल पेटत असे. खाडीच्या तळाशी मोठमोठे दगड टाकलेले होते. प्रत्येक दगडाला एक लोखंडी साखळी जखडलेली असे आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला होडी.

गावाची एक रीत होती. नारळी पौर्णिमेपूर्वी साऱ्या साखळ्या किनाऱ्यावर आणून रंगवावयाच्या आणि जिची साखळी सर्वांत देखणी, तिच्याच होडीतून समुद्राला पहिला नारळ अर्पण करावयाचा!

थोरल्या जावेने हा मान कधी हातचा जाऊ दिला नव्हता. जुन्या रंगावर ती नवा रंग चढवी आणि अभिमानाने म्हणे, "पाहा, माझी साखळी वर्षागणिक जाडच होत चालली आहे!"

धाकटी मात्र साखळीला रंग लावीत नसे. हातोडीने ठोकून ती गंज झाडी. जेथे कडी कडीला घासते, तेथे बोट फिरवून पाही. झिजलेली कडी लोहाराकडून बदलून घेई. दरवर्षी एकच जागा झिजू नये म्हणून दगडाकडचे टोक होडीकडे करी. साखळी होडीला जेथे घासे, तेथे काथ्याचा दोर घट्ट गुंडाळी.

"अगं धाकटे," थोरली सर्वांदेखत म्हणाली, "ही साखळी आहे की म्हातारीचा दुखरा गुडघा? केवढे बांधून ठेवले आहेस!"

"गुडघा चालता राहिला म्हणजे झाले, जाऊबाई. तुम्हीही एकदा रंग खरवडून पाहा ना."

"खरवडू? आणि पहिला नारळ काय तुझ्या हाती देऊ?"

किनारा हास्याने दुमदुमला.

पौर्णिमा उजाडली. ढोल वाजले, पताका फडफडल्या, थोरलीच्या होडीतून पहिला नारळ लाटांवर गेला! होड्या परत येऊन आपापल्या जागी बांधल्या गेल्या. मंडळी नारळीभाताच्या पंगतीला बसली. धाकटी तेवढी आपल्या होडीत दोर आवरीत राहिली होती.

इतक्यात आभाळ काळवंडले आणि वारा सुटला. केवढा वारा! पत्रावळी उडाल्या, लाटा उसळल्या आणि कडाड् आवाज करून थोरलीची साखळी तुटली! होडी थेट खडकांकडे निघाली. वाटेत होती धाकटीची होडी.

"माझी होडी! अगं, माझी होडी!" थोरली कंबरभर पाण्यात धावली.

"धाकटे, बांबूने दूर ढकल तिला!" लोक ओरडले. "धरलीस तर तुझीही साखळी तुटेल!"

धाकटीने बांबू उचलला. क्षणभर तिने पाण्यात उतरणाऱ्या आपल्या ओबडधोबड साखळीकडे पाहिले. मग बांबू खाली टाकून तिने दोर उचलला.

"हिची एकेक कडी मी हाताने तपासली आहे!" ती गरजली. "दोन होड्यांचा भार ही सहज पेलेल!"

तिने दोर फेकून होडी अडकवली. हिसका बसला. साखळी ताठ झाली, करकरली, थरथरली... पण तुटली नाही! वारा ओसरला तेव्हा दोन्ही होड्या एकमेकींना टेकून डुलत होत्या.

तुटलेली कडी वर काढली गेली. बाहेरून रंगाचे थर अंगठ्याएवढे जाड होते. आत, जेथे रंगाचा कुंचला कधी पोचला नव्हता, तेथे लोखंड काट्याएवढे उरले होते. थोरलीने ती कडी उचलून पदरात बांधली.

पुढच्या पौर्णिमेपूर्वी किनाऱ्यावर हातोड्यांचा एकच घणघणाट चालला होता. सर्वांत जोरात थोरलीच ठोकीत होती.

"धाकटे, बघत काय उभी राहिलीस? काथ्या आण! माझ्याही म्हातारीचा गुडघा बांधायचा आहे!"

त्या वर्षी पहिला नारळ दोन्ही जावांनी मिळून वाहिला.

तात्पर्य: वरचा रंग मान मिळवून देतो, पण आतली झीज वेळीच पाहणारा स्वतः तर टिकतोच, शिवाय संकटात दुसऱ्यालाही धरून ठेवतो.